हीटरचा जोड

बाबांनी चाळीस वर्षं रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केले. जुन्या, काचेच्या वॉल्व्हचा सेट चालू केला की मान तिरकी करून बसायचे आणि स्पीकरमधली घरघर ऐकून सांगायचे, कुठली वायर चुकीच्या बाजूने गेलीये. मीटर नंतर लावायचे, तोही गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून.

जेसल पार्कातल्या आमच्या घरात आता आम्ही दोघंच. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःसाठी एक शेवटचा अ‍ॅम्प्लिफायर बांधायला घेतला. मधुमेहाने बोटांना स्पर्श कळेनासा झाला होता, बारीक दिसतही नव्हतं. त्यामुळे वायरिंग माझ्याकडे आलं. काम मला येत होतं, त्यांनीच शिकवलेलं. पण माझी नोकरी बँकेतली आणि स्वभाव उतावळा.

वॉल्व्हच्या आतली तार तापवायला हीटरचा वेगळा पुरवठा लागतो. तो एसी असतो, म्हणून घरघरीचं मूळ बहुतेक तिथेच सापडतं. त्यावर बाबांची पद्धत ठरलेली. दोन वायरींची टोकं खिडकीच्या ग्रिलला बांधायची, दुसरी टोकं हँड-ड्रिलमध्ये धरून घट्ट पीळ द्यायचा. पिळलेली जोडी चॅसिसच्या, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्याच्या, कोपऱ्यातून न्यायची. दोन्ही वायरींना एकेक रेझिस्टर लावून तो अर्थला जोडायचा. आणि शेवटी प्रत्येक जोड चिमट्याने ओढून पाहायचा.

पीळ मी छान दिला. रेझिस्टरही लावले. त्यांची अर्थची टोकं टॅगच्या, म्हणजे जोडाच्या पत्रीच्या, भोकात नुसती अडकवली, सोल्डर नंतर करू म्हटलं आणि विसरले.

"सगळे जोड ओढून पाहिलेस ना गं?" बाबांनी विचारलं.

"हो, पाहिले."

काही दिवस सेट चांगला वाजला. मग एका रविवारी मी भाजी निवडत होते तेव्हा त्यांनी हाक मारली. "हमिंग येतंय. तुला ऐकू येतंय का?"

मी दारातूनच कान दिल्यासारखं केलं. पंखा चालू होता, खाली कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. खरं सांगायचं तर मला ऐकायचंच नव्हतं. ऐकलं असतं तर सेट पुन्हा उलटा करून सगळे जोड तपासावे लागले असते. "काही नाही हो बाबा. तुमच्या कानांचं असेल ते."

त्यांनी सेट बंद केला. वाद घालतील असं मला वाटलं होतं.

कानाच्या डॉक्टरांनी वयामुळे ऐकू थोडं कमी येतंय म्हणून सांगितलं. ते खरंही होतं. पण बाबांनी त्या घरघरीचाही निकाल त्यातच लावून टाकला. अ‍ॅम्प्लिफायरवर जुनी चादर आली. हळूहळू ते मला प्रत्येक गोष्ट विचारू लागले. बेल वाजली का? कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या? नळ बंद आहे ना? कधी कधी मी वैतागायचे. "तुम्हाला ऐकू आलं ना, मग?" त्यावर ते कसनुसं हसायचे.

परवा धूळ पुसायला म्हणून सेट उचलला, सहज उलटा केला, आणि अर्थचं एक टोक टॅगमधून निसटून लोंबताना दिसलं. बाबा दुपारचे झोपले होते. मी तसाच सेट लावून पाहिला. पंखा बंद केला. घरघर स्पष्ट होती, बहिऱ्यालाही ऐकू यावी इतकी. लाज वाटली, आणि त्या लाजेतच मी घाईघाईने टोक सोल्डर केलं. ओढून पाहिलं. सेट लावला, स्पीकर शांत.

ते उठल्यावर त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी मान तिरकी केली, बराच वेळ ऐकलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तुला येतंय का काही?"

"नाही."

"मग नसेल."

मला राहवलं नाही. "बाबा, तेव्हा हमिंग होतं. जोड माझा सुटला होता. तुम्ही बरोबर ऐकलं होतंत." मी सेट उलटा करून दाखवला. ते वाकून पाहत राहिले. धुरकट नजरेला दिसणार तरी काय होतं? जोड तर आता पक्का होता.

"परत काढून दाखवू? ऐकवते तुम्हाला."

"नको गं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून करतेयस ना. कळतं मला."