चेंडू कुठं गेला ते सांग

फास्ट बॉलरला राग यावा लागतो म्हणतात. मला तो न बोलावता यायचा. आमच्या गावच्या, पोशेऱ्याच्या टीमकडून मी टेनिस बॉल टाकायचो आणि झेल सोडणाऱ्याशी जेवणाच्या पंगतीतही बोलायचो नाही. मोखाडा-जव्हारच्या बाजूला भात कापून झालं की गावोगाव स्पर्धा भरायच्या, आम्ही जीपच्या टपावर बसून तिथं पोचायचो. खांदा गेला तोही रागातच. षटकार खाल्ला, आणि पुढचा चेंडू जरा जास्तच जोरात टाकायला गेलो. खांदा नंतर जागेवर बसला, पण वेग काही परत आला नाही. मी मैदानाकडे फिरकणंच सोडलं. कुणी विचारलं तर शेतीचं काम पुढं करायचो.

पुन्हा गेलो ते बांधाची काळजी म्हणून. शिमग्याच्या तोंडावर भरणाऱ्या गावच्या स्पर्धेचं मैदान म्हणजे शेजारशेजारची भातखाचरं, मधले बांध काढून धुमसानं चोपलेली; कडेचा बांध हीच बाउंड्री. त्यात एक खाचर आमचं. बांध कितपत फोडलाय ते बघत होतो, तेवढ्यात जव्हारच्या मंडपवाल्या चाचांनी हाक मारली. कर्णे, माईक, खुर्च्या सगळं त्यांचं. त्या दिवशी ठरलेल्या समालोचकाचा घसा बसला होता. चाचा म्हणाले, "तसा पण तू ओरडतोसच. माईकवर ओरड, लोकांना मजा तरी येईल."

मी ओरडलो. टीव्हीवरच्यासारखा. अर्धं हिंदी, अर्धं पुस्तकी मराठी, आणि मधेमधे आमच्या जुन्या विकेटकीपरची टिंगल. लोक हसले. खरं सांगतो, पळत जाऊन चेंडू टाकल्यावर जसं वाटायचं तसं त्या दिवशी खुर्चीत बसून वाटलं. मला माझा खेळ परत मिळाला होता.

संध्याकाळी बायचा फोन आला. बाय म्हणजे माझी थोरली बहीण. लहानपणी त्याच खाचरात माझ्या बॉलिंगवर बॅट तिनंच धरली होती. दिवाळीनंतर ती घरच्यांसोबत भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जाते, ती शिमग्याला घरी. पोरं सामना मोबाईलवर लाइव्ह दाखवतात, पण आमच्याकडच्या रेंजमध्ये चित्र अडकतं आणि आवाज तेवढा पोचतो. शिवाय विटा थापणाऱ्याचे हात मातीत. फोन विटांच्या थप्पीवर ठेवून सगळे ऐकत होते.

"आवाज लय भारी लावतोस," ती म्हणाली, "पण चेंडू कुठं गेला ते सांगतच नाय. चौका, चौका! कुठला चौका? आपल्या खाचराकडं का वड्याकडं?"

मला राग आलाच. मग कळलं की हिला धावा नकोतच, हिला गाव हवंय. दुसऱ्या दिवसापासून मी चेंडूच्या मागं जायला लागलो. उंबराकडून वारा येतोय, ओढ्याच्या बाजूला फिल्डर नाही, चेंडू आमच्या फुटक्या बांधावर आपटून थांबला. समोरच्या लोकांना हे सगळं दिसत होतंच, तरी तेही गप्प होऊन ऐकायचे.

अडचण होती पाहुण्यांची. आमच्याकडं खेळ चालू असला तरी पाहुणा आला की समालोचकानं त्याचं स्वागत करायचं, सगळ्या मानपानासकट. सेमीफायनलला मी तेच करत होतो आणि इकडे विकेट पडली. बायनं फोनवर मला धुतलं. "आम्ही हात थांबवून ऐकतोय, आन तू हार घालत बसलास?"

फायनलच्या सकाळी मंडळाच्या अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "आज मोठे पाहुणे हायेत. आले की आधी स्वागत. नाय जमलं तर पुढच्या टायमाला दुसरा माणूस बघू." मी मान हलवली. खांदा गेला होता, आता माईक गेला तर पुन्हा घरी बसून शेतीचं काम पुढं करायचं.

पाहुणे आले ते नेमके शेवटच्या षटकात. आम्ही विरुद्ध जामसर, शेवटचा चेंडू, आम्हाला चौकार हवा. अध्यक्ष धावत मांडवात आले, "स्वागत घे, स्वागत!" आणि माईकला हात घातला. चाचांनी त्यांचा हात हळूच बाजूला केला. "एक बॉल होऊ द्या ना, अध्यक्ष."

बॉलर धावत सुटला. आमच्या पोरानं उचलून मारला. मी म्हणालो, "चेंडू उंच, आमच्या खाचराच्या बाजूला, मोहाच्या झाडाकडं! तिथूनच आपले पाहुणे येतायत, त्यांचं मनापासून स्वागत, पण त्यांनी आधी खाली बसावं, चेंडू त्यांच्याच डोक्यावर आहे! जामसरचा फिल्डर पाहुण्यांमधून घुसला, बांध ओलांडला नाही, मोहाखाली... घेतला! झेल घेतला! आम्ही हरलो."

पाहुणे खरंच खाली बसले होते. मैदान हसत होतं, अध्यक्षांचा चेहरा उतरला होता. बक्षीस देताना मुख्य पाहुण्यांनी माईक मागून घेतला आणि म्हणाले, माझी आजवर लय स्वागतं झाली, पण जीव वाचवणारं हे पहिलंच. अध्यक्षांनाही मग हसावं लागलं. आणि जामसरची मंडळी जाताना मला सांगून गेली, आमच्या स्पर्धेला माईकवर तूच.

हरल्याचं वाईट वाटत होतंच. पण चाचांबरोबर वायर गुंडाळताना मी शीळ घालत होतो, असं त्यांनीच मला सांगितलं. तेवढ्यात बायचा फोन आला. मागं भट्टीवरची माणसं झेलावरून भांडत होती.

"हरलो ना रं," ती म्हणाली.

"हरलो."

"झेल घेताना तो घसरला का नाय? मोहाखाली फुलं पडली असतील आता."

तो घसरला होता. फुलांवरूनच. गुडघ्यावर पडून त्यानं झेल धरला होता. पण गडबडीत ते सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं, आणि फुलांचं तर मी नावही काढलं नव्हतं.

"घसरला," मी म्हणालो. "तुला कसं कळलं?"

"कसं म्हंजे? तू दावलंस तर दिसणार नाय का?"