मनातली कणीक

माझं दुखणं सुरू झालं तेव्हा मी चाकणच्या एका कंपनीत तपासणीच्या कामाला होते. मशीनवरून आलेले सुटे भाग बघायचे, चांगले एकीकडे, खराब दुसरीकडे. आधी मान दुखली, मग खांदे, मग न दुखणारी जागाच अंगात राहिली नाही. झोपून उठले तरी रात्रभर ओव्हरटाइम केल्यासारखी थकलेली असायचे. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं नॉर्मल. फायब्रोमायल्जिया हे नाव कळेपर्यंत नोकरी सुटली होती, आणि सासूबाई परभणीकडचं घर बंद करून संत तुकाराम नगरच्या आमच्या दोन खोल्यांत राहायला आल्या होत्या.

आल्या म्हणते, पण आम्हीच त्यांना आणलं होतं. नवऱ्याची भोसरीत शिफ्ट, मला उठवत नव्हतं. सत्तरीला टेकलेली बाई पहाटे उठून डबा करायची, कपडे धुवायची, आणि मी पलंगावरून बघत राहायचे. त्या मला कधी काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ते नाव सांगणाऱ्या डॉक्टरांनी मला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. दुखणं खरं आहे, त्या म्हणाल्या, पण इजा झालेली नाही. मेंदू गरजेपेक्षा जास्त सावध झालाय, साध्या हालचालीलाही तो धोका समजतो. मला त्यातलं एकच ऐकू आलं.

"म्हणजे मी नाटक करत होते?"

"नाटक असतं तर कधीच बंद केलं असतं तुम्ही," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, सेन्सर बिघडून चांगला माल बाद व्हायला लागला तर कंपनीत काय करता. सेन्सर पुन्हा सेट करतो, मी म्हटलं. तेच करायचंय, पण हळूहळू, असं त्या म्हणाल्या. ज्या कामाने सगळ्यात जास्त दुखतं ते आधी नुसतं डोळे मिटून, संथ श्वास घेत, मनात करायचं. मी कणीक मळणं निवडलं.

म्हणून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून मी डोळे मिटून बसले. गंमत म्हणजे नुसत्या विचारानेच खांदा दुखायला लागला. समोर सासूबाई खरीखुरी कणीक मळत होत्या. परातीचा आवाज येत होता.

"काय करायलीस गं?"

"कणीक मळतेय, आई. मनात."

मला वाटलं, आता तरी हसतील, नाहीतर चिडतील.

"पाणी बेतानं घाल मग," त्या म्हणाल्या आणि मळत राहिल्या.

असे बरेच दिवस गेले. मनातल्या कणकेने दुखेनासं झालं, तेव्हा लिंबाएवढा खरा गोळा हातात घेतला. त्या मला गोळा देत होत्या आणि माझं लक्ष त्यांच्या मनगटाकडे गेलं. ते सुजलेलं होतं. अंगठ्याखाली हात लावला तर त्यांनी झटकन मागे घेतला.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"सांगितलं का नाही?"

"तुज्या दुखण्यापुढं माझं कुठं काढू बाई."

मी गोळा परातीत ठेवला. सगळा दिवस स्वतःच्या अंगाकडे लक्ष देण्यात घालवणाऱ्या मला समोरचा हात दिसला नव्हता.

त्यांना चिंचवडच्या हाडांच्या डॉक्टरांकडे मीच नेलं. बस भरलेली होती. एका मुलीने सासूबाईंना जागा दिली, तर त्यांनी खांद्याला धरून मला बसवलं. म्हातारी उभी आणि मी बसलेली. लोक बघत होते. पुढच्या स्टॉपला मी उठले आणि त्यांना बसवलं. दांडा धरल्यावर मान पेटली. इजा नाही, नुसती सूचना आहे, असं मनात म्हणत मी श्वास सोडत राहिले. दुखणं थांबलं नाही, पण वाढलंही नाही. कामाने मनगटाच्या शिरा सुजल्यात, डॉक्टर म्हणाले, हाताला विश्रांती द्या, पट्टा बांधा. ते काम कोणाचं होतं हे त्यांना माहीत नव्हतं.

त्यानंतर बऱ्या दिवशी पोळ्या मी करू लागले आणि वाईट दिवशी शिफ्टवरून येऊन नवरा, जाड आणि कडेला कच्च्या. तो लाटत असताना मी पडून राहिले की अपराधी वाटायचं. बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, हे वाटणंसुद्धा मेंदूला धोक्यासारखंच लागतं. ते पटलं, पण वाटायचं थांबलं नाही.

होळीनंतर सासूबाई गावी गेल्या. परवा फोनवर हात कसा आहे विचारलं, तर म्हणाल्या, अंगण झाडलं, डाव्या हाताने. ते ऐकताना माझा खांदा भरून आला. तो का भरून आला ते मला आता कळतं, तरी दुखायचा तेवढा दुखलाच. फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, "सुट्टी टाका. चार दिवस गावी जाऊन येऊ. घर मी झाडीन, जमेल तेवढं."