लाल गाडी, पिवळे पट्टे आणि फ्लेक्स

"पिवळी गाडी म्हणजे जेसीबी," नगराध्यक्ष म्हणाले. "आग विझवायला आली का घर पाडायला, लोकायला कळायचं न्हाई."

सभागृह हसलं. मी हसले नाही. नव्या फायर गाडीचा सांगाडा वर्कशॉपमध्ये उभा होता आणि रंग कोणता द्यायचा म्हणून तिथला मालक सारखा फोन करत होता. मी जालना जिल्ह्यातल्या एका छोट्या नगर परिषदेची फायर ऑफिसर. माझं काम आग विझवायचं, पण त्या दिवशी रंगाऱ्याचं काम वाट्याला आलं होतं.

लाल रंग दिवसा उठून दिसतो. दिवेलागणीला मात्र डोळ्यांना सगळ्यांत आधी तोच काळा दिसू लागतो. लिंबासारखा पिवळा बराच वेळ टिकतो. ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं होतं, पण पटलं ते अंबड रोडवर. आमची जुनी लाल गाडी संध्याकाळी परतत होती आणि शेतातून वर चढलेल्या उसाच्या ट्रॅक्टरनं तिला बाजूनं ठोकलं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, दिसलीच नाही. आमचे ड्रायव्हर गफूरभाई यांच्या पायात तेव्हापासून रॉड आहे.

"मॅडम, दिसंल अशी गाडी द्या," ते मला म्हणाले होते. "न्हाईतर मला ऑफिसात बसवा. आता एकच पाय बराबर राह्यलाय."

हे सगळं मी सभागृहात सांगितलं. गफूरभाईंच्या पायावर कोणी बोललं नाही. रंगावर मात्र सगळे बोलले. एक सदस्य म्हणाले, लाल गाडी बापजाद्यांपासून चालत आली आहे, तिला बघून आगसुद्धा घाबरते. दुसऱ्यांनी माझ्याकडचा नमुन्याचा तुकडा उजेडात धरून विचारलं, ह्यात पिवळा किती आणि हिरवा किती? त्यावर तिसरे उठले आणि हिरवा असला तर तुमचं काय बिघडतं, असं म्हणाले. पुढचा सगळा वेळ त्यातच गेला. शेवटी एका ज्येष्ठ सदस्यांनी निकाल दिला. "लिंबू आपण गाडीला बांधतोच की. मंग अख्खी गाडीच लिंबू कशाला करायची?"

तडजोड झाली. गाडी लाल, आणि दोन्ही बाजूंना व मागे रुंद पिवळे चमकते पट्टे. हे पट्टे समोरच्या गाडीचा उजेड उलटा फेकतात, म्हणून लांबून दिसतात. भागते भूत की लंगोटी भली, असं म्हणून मी ते मान्य केलं. गाडी आली तेव्हा गफूरभाईंनी पट्ट्यांवरून हात फिरवला आणि ते पहिल्यांदाच मोकळं हसले.

लोकार्पण झालं. नारळ फुटला, हार पडला, आणि दोन्ही बाजूंना आणि मागे फ्लेक्स बांधले गेले. त्यावर नगराध्यक्ष, त्यांच्या वरचे नेते आणि खाली सगळे सदस्य ओळीनं. ज्या रंगावरून एवढं भांडण झालं, तो आता कुठूनच दिसत नव्हता. पट्टे तर पूर्ण झाकले गेले होते.

मी नगराध्यक्षांना म्हटलं, फ्लेक्स काढायला हवेत.

"काढू की मॅडम. सगळ्या वॉर्डांत एकदा फिरू द्या. लोकायला कळू द्या कोणी आणली ते."

आमच्याकडे लावलेला फ्लेक्स ज्याचा त्यानेच उतरवायचा असतो. दुसऱ्यानं हात लावला तर तो अपमान, आणि अपमानाचा राग बदलीवर निघतो. गाडी वॉर्ड फिरत राहिली.

एका संध्याकाळी जिनिंगमधून फोन आला. जिनिंग म्हणजे जिथे कापसातून सरकी वेगळी काढतात, आणि तिथली आग कोणासाठी थांबत नाही. आम्ही सायरन देत निघालो. रस्त्यावर कोणी हललं नाही. सायरन हल्ली प्रत्येक पुढाऱ्याच्या गाडीला असतो. फाट्यावर एकानं हात दाखवून गाडी थांबवली आणि सभा कुठे आहे ते विचारलं. पुढे अंबड रोडला, जवळजवळ त्याच जागी, उसाची ट्रॉली आडवी आली. गफूरभाईंनी ब्रेक दाबला. ट्रॉली काचेपासून हातभर अंतरावर थांबली.

ट्रॅक्टरवाला खाली उतरून हात जोडत म्हणाला, "माफ करा, मला वाटलं प्रचाराची गाडी हाये. तिला कोण साइड देतंय?"

गफूरभाई लंगडत उतरले, सीटखालचा विळा काढला आणि दोऱ्या कापायला लागले. मला भयंकर राग आला होता. नगराध्यक्षांच्या फोटोकडच्या दोऱ्या मी स्वतः कापल्या. मग मात्र ट्रॅक्टरच्या लाइटात पट्टे लखलखले आणि पुढचा रस्ता आपोआप मोकळा झाला.

थोड्या गाठी जळाल्या, बाकी कापूस वाचला. वाचलेल्या ढिगावर राख उडत होती, म्हणून जिनिंगच्या मालकानं गाडीत गुंडाळून टाकलेले आमचे फ्लेक्स मागितले आणि त्यावर पसरले.

सकाळी नगराध्यक्ष पाहणीला आले. गफूरभाई माझ्यामागे उभे होते. आम्ही दोघंही बदलीच्या तयारीत होतो. ढिगावर स्वतःचा फोटो बघून नगराध्यक्ष क्षणभर थांबले. मग त्याच्या शेजारी उभे राहिले आणि फोटोग्राफरला बोलावलं.

"लिहा," ते पत्रकाराला म्हणाले, "आगीच्या वेळी आम्ही स्वतः कापसावर उभे होतो."

गाडीचा रंग लाल असावा की पिवळा, यावर मी आता वाद घालत नाही. सीटखाली विळा आहे का, तेवढं रोज बघते.