टिक्की उलटून पाहणाऱ्या मॅडम

व्हेज बर्गर समोर आला की भुकेलेला माणूस तो उचलतो आणि सरळ तोंड घालतो. आमच्या मॅडम तसं कधीच करत नसत. आधी वरचा पाव काढून बाजूला ठेवायचा, कोबी आणि कांद्याची चकती चमच्याने सारायची, मग टिक्की दोन बोटांत धरून उलटी करायची आणि तिची खालची बाजू उजेडाकडे नेऊन पाहायची. ज्योतिषी तळहात पाहतो तशी. मग ती नाकाशी न्यायची. मग एकच घास, डोळे मिटून. शेजारच्या टेबलावरची पोरं खुसखुसत, वेटर मालकाकडे पाहत राही आणि मालकाला वाटे, भेसळ तपासणारे आले. घास गिळून मॅडम डोळे उघडत आणि म्हणत, "हा नाही." उरलेला बर्गर माझ्याकडे सरकवला जाई.

मॅडम यवतमाळच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि मुलींच्या होस्टेलच्या रेक्टर होत्या. लग्न केलेलं नव्हतं. मी महागावजवळच्या फुलसावंगीची, मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची मुलगी. बाईमाणसाने हॉटेलात एकटीने बसून खाणं बरं दिसत नाही असं मॅडमना वाटे, म्हणून रविवारी दुपारी त्या होस्टेलातली एखादी मुलगी सोबत नेत. बाकीच्या मुली दोन-तीन रविवारांत कंटाळल्या. मी टिकले, कारण आमचं जमण्यासारखं होतं. मॅडम पक्क्या शाकाहारी, आणि मला अब्बांची सक्त ताकीद की बाहेर मटण-चिकनला हात लावायचा नाही. शिवाय फुकट ते पौष्टिक, हे शास्त्र होस्टेलातल्या मुलीला कुणी शिकवावं लागत नाही. मुलींनी त्यांना 'टिक्की मॅडम' म्हणायला सुरुवात केली होती आणि त्यांना ते ठाऊक होतं.

कॉलेजच्या आसपास आणि बसस्टँडपर्यंत बर्गर मिळेल अशी एकही जागा आम्ही सोडली नाही. आर्णी रोडवरच्या एका ठिकाणी वर टूथपिक खोचून लाल चेरी लावलेली असे आणि त्या चेरीचे जास्तीचे पैसे घेत. एकाने टिक्कीऐवजी सरळ नूडल्स भरले होते. एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलाने एसीचं हॉटेल काढलं होतं, तिथे मोठ्या पेटीत मासे पोहत आणि बर्गर काटा-चमच्याने खावा लागे. मॅडमचे शेरे ठरलेले असत. "हा पाव बसायच्या कामाचा आहे." "ह्यानं सॉसमध्ये आपलं पाप लपवलं." एकदा तर त्या वेटरला म्हणाल्या, "बाबू, ही टिक्की आलूची आहे का आलूच्या आठवणीची?" मी हसून हसून पाणी सांडलं. पण शेवटी डोळे मिटून तो घास घेताना त्या अजिबात गंमत करत नसत, आणि मला जरा भीतीच वाटे.

एका रविवारी मी विचारलंच, "मॅडम, हा नाही म्हणजे कोण नाही?"

वर्गात मॅडम पुस्तकातलं मराठी बोलत. ह्या विषयावर मात्र त्यांची भाषा एकदम घरची झाली. "विनू. माहा भाऊ."

विनू त्यांच्याहून बराच लहान. त्याने आमच्याच कॉलेजच्या फाटकासमोर गाडी लावली होती आणि यवतमाळात पहिला बर्गर त्याने विकला, असं मॅडमचं ठाम म्हणणं होतं. टिक्कीच्या आलूत तो भाजलेल्या जवसाची भरड आणि चिमूटभर ओवा घालायचा आणि ती तळहातावर थापायचा. त्याआधी बेकरीत असताना पीठ मळायच्या मशीनमध्ये त्याची उजवी करंगळी अर्धी गेली होती. त्यामुळे त्याच्या टिक्कीच्या पोटावर तीन बोटं लांब आणि चौथं आखूड उमटे. मग कापसाची ती वर्षं आली. यवतमाळात कापसाला भाव नसला की पहिल्यांदा बाहेरचं खाणं बंद होतं, आणि मग होस्टेलं रिकामी होतात. गाडीवर गिऱ्हाईक उरलं नाही. "नागपूरले जाऊन येतो, ताई. कापसाचं बरं झालं की पुन्हा गाडी लावतो," म्हणून तो गेला. त्यानंतर ना फोन, ना निरोप. पोलिसांत कळवून झालं, पेपरात फोटो देऊन झाला. मी कॉलेजात आले तेव्हा त्याला जाऊन दहा-अकरा वर्षं झाली होती.

"तो हाय," मॅडम म्हणाल्या. "त्याले दुसरं काही येतच नाही. कुठं तरी टिक्कीच थापून राह्यला असंल. मी चाखत गेली तर भेटंल." ही त्यांची शोधाची रीत होती. पोलिसांच्या रीतीपेक्षा ती मला जास्त पटली.

कोर्टामागे एक छोटं हॉटेल होतं. पावसाळ्यातली दुपार, बाहेर अंधारून आलेलं. मॅडमनी टिक्की उलटली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. मग घास घेतला आणि डोळे न उघडताच म्हणाल्या, "हाय. इथं हाय." त्या उठून थेट भटारखान्यात शिरल्या, मी मागोमाग. आत रफिकभाई म्हणून एक म्हातारे आचारी एकटेच होते. हाताची दहाही बोटं शाबूत.

"विनूले बोलवा," मॅडम म्हणाल्या.

"इथं कोणी विनू नाही जी, मॅडम. मी एकलाच हाव."

"मग टिक्कीत जवस कोणं टाकलं?"

"जवस कायले टाकू? आलू, मिर्ची, नमक. बस." त्यांनी डबे उघडून दाखवले. परातीत कच्च्या टिक्क्या ओळीने मांडल्या होत्या. सगळ्या डब्याच्या झाकणाने दाबलेल्या, गोल, गुळगुळीत. मॅडमनी आपली टिक्की त्यांच्यापुढे धरली. रफिकभाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टॉवेलला हात पुसत म्हणाले, "हे माह्या हातचं नाही." मग पाठ फिरवून ते पुन्हा कढईकडे वळले.

पुढच्या रविवारी तिथे काहीच नव्हतं. पण महिन्याभराने दारव्हा रोडवर तोच प्रकार झाला. मग आर्णी रोडला, त्या चेरीवाल्याकडे. एकदाच, आणि मग पुन्हा कधी नाही. मी अक्कल चालवली. हॉटेलं बंद पडत होती, आचारी ह्या दुकानातून त्या दुकानात जात होते, त्यांच्यात एखादा विनू असू शकतो. मॅडमनाही ते पटे. पण आम्ही दर वेळी आत जाऊन पाहत होतो आणि दर वेळी आत भलताच माणूस असे. "तो जागा बदलून राह्यला," मॅडम म्हणत. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत एक उजळपणा आला होता. वर्गातही छान शिकवत.

मी भूतखेत मानणाऱ्यांतली नाही. इंजिन बंद पडलं की त्यात जिन नसतो, कचरा असतो, असं ऐकत वाढलेली मुलगी मी. पण बसस्टँडसमोरच्या हॉटेलात मॅडम हात धुवायला गेल्या असताना बर्गर आला, आणि सवयीने मीच टिक्की उलटली. तीन बोटं लांब, चौथं आखूड. मी माझी बोटं त्या खुणांवर ठेवली. टिक्की कढईतून नुकतीच आलेली, बाकी सगळी चटका बसेल इतकी गरम होती. त्या खुणा तेवढ्या गार होत्या. मी एक तुकडा तोंडात टाकला. खमंग, किंचित कडसर जवस आणि मागून ओवा. भीती वाटली की म्हणतात ती कुराणातली आयतुल कुर्सी मी मनातल्या मनात म्हटली. मॅडम परत येऊन बसल्या, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुलेही लागलं ना?" मी मान हलवली. त्यांनी टेबलावर माझा हात घट्ट दाबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना साक्षीदार मिळाला होता.

ह्याच आनंदात मॅडमनी ती गोष्ट आईला सांगितली.

त्यांची आई महागावला काकांकडे असे, अंथरुणाला खिळलेली. दिवाळीच्या सुटीत मी घरी निघाले होते, महागावपर्यंत एकच बस, म्हणून आम्ही सोबत गेलो. मॅडम आईच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, "आई, विनू यवतमाळातच हाय. मी त्याच्या हातचं खाल्लं. ह्या पोरीनंही खाल्लं."

म्हातारीने विचारलं, "पाह्यलं का कोणी त्याले?"

"पाह्यलं नाही. पण आज इथं, उद्या तिथं, असा हाय तो."

म्हातारीने आढ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे माहं लेकरू फिरून राह्यलं. त्याले गती नाही भेटली."

माणूस बेपत्ता होऊन बारा वर्षं लोटली की त्याच्या नावाने पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात, हे मला तेव्हा कळलं. बारा वर्षं भरत आली होती. काका कधीपासून मागे लागले होते आणि म्हातारी अडून बसली होती, की पोरगा येईल. मॅडमचं बोलणं ऐकलं आणि त्याच संध्याकाळी तिने होकार दिला. मॅडमनी खूप आदळआपट केली. "जित्या माणसाले जाळता काय?" म्हणाल्या. आई फक्त एवढंच म्हणे, "तूच तं सांगतलं ना, बाई."

विधी त्याच सुटीत पैनगंगेच्या काठावर झाला. वर्गात पळसाचं पान हातात घेऊन तासभर बोलणाऱ्या मॅडम त्या पुतळ्याकडे बघायला तयार नव्हत्या, असं मला नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पिंड ठेवायचे होते. मॅडमनी निरोप धाडला होता म्हणून मी अब्बांच्या मागे मोटारसायकलवर बसून गेले आणि लांब उभी राहिले. म्हातारीला खुर्चीसकट आणलं होतं. पिंड मांडले, माणसं मागे सरली. बाभळीवर कावळे गच्च बसले होते, पण एकही खाली येईना. काका हात जोडून म्हणाले, "विनू, तुह्या आईले काही कमी पडू देणार नाही." कावळे हलले नाहीत. "ताईच्या मागं मी उभा राहीन." काही नाही. ऊन चढलं. लोक कुजबुजू लागले, आणि मॅडमचा चेहरा खुलत गेला.

"नाहीच येणार," त्या मोठ्याने म्हणाल्या. "जित्या माणसाचा पिंड कोण शिवते?"

कोणीतरी म्हणालं, त्याच्या आवडीचं काही ठेवून पाहा. मॅडमनी पिशवीतून कागदात गुंडाळलेला बर्गर काढला. मधल्या दिवशी त्या यवतमाळला जाऊन आल्या होत्या, तेव्हा संध्याकाळी निघताना बसस्टँडसमोरून घेतलेला. आधी तो माझ्याकडे आणून त्यांनी टिक्की उलटून दाखवली. खुणा होत्या. "हे त्यानं काल केलं," सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या. "काल ज्यानं टिक्की थापली तो मेला कसा? ठेवते मी. हेही नाही शिवणार, पाहा तुम्ही."

त्या वाकल्या, बर्गर पिंडाशेजारी ठेवला. त्या सरळ उभ्या राहण्याआधीच पहिला कावळा उतरला. पाव त्याने चोचीने बाजूला केला, टिक्की उचलली आणि नदीवरून पलीकडे गेला. मग सगळे खाली आले, पिंडांवर तुटून पडले. म्हातारीने हात जोडले. "सुटला बाई," म्हणाली, आणि मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. मॅडम तिथेच उभ्या होत्या. मी जवळ गेले आणि म्हणाले, "मॅडम, कावळेच ते. तळलेलं दिसलं की येणारच." त्या "हो" म्हणाल्या.

त्यानंतर यवतमाळात ती चव कुठेच लागली नाही. आम्ही वर्षभर तरी फिरलो. हॉटेलांत पाकिटातल्या तयार टिक्क्या यायला लागल्या होत्या, सगळीकडे एकच गोल, एकच चव. चव नाहीशी होण्याचंही असं कारण सापडतंच. म्हातारी त्याच हिवाळ्यात झोपेत गेली, शांतपणे. मी पास झाले, अमरावतीला नोकरीला लागले, लग्न झालं. मॅडम माझ्या निकाहला आल्या होत्या. मला माझ्या आईनंतर कुणाचा आधार वाटला असेल तर तो त्यांचा.

त्या निवृत्त झाल्यावर मी एकदा भेटायला गेले. खूप वाळल्या होत्या. इकडचं तिकडचं झालं, मुलांची चौकशी झाली. मी निघायला उठले तेव्हा म्हणाल्या, "नसीम, बस जरा. तुमच्यात हे कावळ्याचं नाही, म्हणून तुलेच विचारते. तू खोटं नको बोलू."

"विचारा ना, मॅडम."

"कावळा उतरला तोवर विनू होता ना?"

मी इंजिनातल्या कचऱ्यावर विश्वास ठेवणारी मुलगी. पण त्या गार खुणांवर मी माझी बोटं ठेवली होती. त्यांना धीर येईल असंही वाटलं. मी म्हणाले, "होता, मॅडम. मी खाल्लं होतं त्याच्या हातचं."

त्यांनी मान हलवली, जणू एवढंच ऐकायचं होतं. "मंग तो बर्गर ठेवून मीच धाडलं त्याले," त्या म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरून बसून राहिले. अमरावतीची शेवटची बस गेली, तरी मी उठले नाही.