सोडलेला चहा

दिलेला शब्द पाळण्याच्या बाबतीत माझ्या लेकीच्या धर्ममायइतकी धोकादायक बाई अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडायची नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी तान्ह्या मुलाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने धर्ममाय-धर्मबापांनी उत्तरं द्यायची असतात. ‘सैतानाचा त्याग करता का?’ असं फादर विचारतात आणि मंडळी खालमानेने ‘करतो’ असं पुटपुटतात. निम्मं लक्ष बाहेरच्या जेवणाकडे असतं. आमच्या बाईंनी मात्र असं काही ठणकावून ‘करते!’ म्हटलं की झोपलेली जेनी दचकून रडायला लागली आणि फादर पुढचा प्रश्न विसरले. “सैतान आता कसाऱ्याच्या अलीकडे थांबायचा नाही,” असं माझा नवरा माझ्या कानात म्हणाला. आम्ही सगळे तिला ‘बाय’ म्हणतो. ती माझ्या आईची मैत्रीण. लग्न केलं नाही, पण नौपाड्यातल्या दोन खोल्यांत बसून आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नाचे गाऊन शिवले.

इतरांच्या धर्ममाया वाढदिवसाला केक पाठवतात आणि मोकळ्या होतात. बाय दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून कोपरला आमच्याकडे तपासणीला यायची. स्टेशनवरून रिक्षात बसली की रोजरी सुरू. घर आलं आणि प्रार्थना संपलेली नसली, तर रिक्षावाल्याला पुढून वळसा घालायला लावायची. आता तिथले रिक्षावाले तिला बघितलं की आधीच सावकाश चालवतात. जेनीच्या मैत्रिणींना ती करंज्या खायला घालायची आणि खाता खाता एकेकीची उलटतपासणी घ्यायची. तन्वी नावाच्या मैत्रिणीला तिने विचारलं, “तुमच्याकडे तिन्हीसांजेला दिवा कोण लावतं गो?” तन्वी म्हणाली, “आजी.” “का? तुझा हात मोडलाय?” त्या संध्याकाळपासून तन्वी दिवा लावायला लागली. दोन दिवसांनी तिच्या आईचा मला फोन, “अहो, तुमच्या त्या बाईंना आमच्या मुलाकडेही जरा पाठवा ना.”

आता तिच्या चहाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आलं आणि गवती चहा घालून, रंग विटकरी होईपर्यंत उकळलेला तो चहा बाय स्टीलच्या पेल्यातून प्यायची, आणि तो पोटात गेल्याशिवाय शिलाई मशीनला हात लावायची नाही. जेनी ठाण्याच्या कॉलेजात जायला लागली तशी येता-जाता बायकडे डोकावायची. त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका शुक्रवारी मैत्रिणींनी तिला चिकन मोमोज खायला घातले. आमच्यात त्या काळात शुक्रवारी मांस वर्ज्य. “काय यार, काकूबाई आहेस का तू?” असं कुणीतरी म्हणालं आणि कन्येने प्लेट रिकामी केली. वर हे बायला फुशारकीने जाऊन सांगितलंही. मी असते तर तासभर तोंडसुख घेतलं असतं. बाय फक्त “बरं” म्हणाली, उठली आणि हातातला भरलेला पेला मोरीत ओतला.

“अगं, हे काय?” जेनी ओरडली.

“बाप्तिस्म्याला तुझ्या वतीने मी बोललेले ना? मग तू मोडलंस ते भरून पण मीच काढणार. ईस्टरपर्यंत चहा बंद.”

“बाय, ह्याला इमोशनल ब्लॅकमेल म्हणतात!”

“म्हणत असतील गो. मला कुठे इंग्लिश येतं?”

चहा सुटलेली बाय म्हणजे गल्लीवर आलेलं संकट होतं. कपाळाला फडकं बांधून ती शेजाऱ्यांशी भांडायची. एका नवरीच्या गाऊनची बाही तिने उलटी जोडली. शेवटी फादरनीच निरोप पाठवला की देवाची हरकत नाही, कृपा करून चहा घ्या. त्यावर उत्तर गेलं, “फादरना म्हणावं, तुम्ही तुमचं काम करा.” त्यातच जेनी लेक्चर बुडवून मॉलमध्ये गेली, तेव्हा बायने सुके बोंबील सोडले. किनाऱ्यावरच्या माणसाने बोंबील सोडायचे म्हणजे काय, हे ज्याचं त्याला ठाऊक. मी मात्र मनातून घाबरले होते. बायला म्हटलंसुद्धा, “तुझ्या ह्या सोडासोडीने पोरगी सुधारायची नाही. फक्त खोटं बोलायला शिकेल.” बायने फक्त सुईत दोरा ओवला.

गुड फ्रायडेला कॉलेजची सुट्टी. जेनीच्या ग्रुपने येऊरला एक बंगला भाड्याने घेतला, पोहायचा तलाव आणि बियर वगैरे. “तुझा देव रविवारी उठणारच आहे ना, मग चल की,” असं एक मुलगा तिला म्हणाला होता, आणि ती त्यावर हसली होती. घरी आमचं कडाक्याचं भांडण झालं. सकाळी ती पाय आपटत निघाली ती निघालीच.

दुपारच्या प्रार्थनेला चर्चमध्ये बाय माझ्या शेजारी बसली होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

“पाणी देऊ?” मी विचारलं.

“नको. जेनी सकाळी दारात येऊन सांगून गेली, मी जातेय म्हणून. मी म्हटलं, जा, मी अडवत नाही. तू परत येईपर्यंत मी पाणी सोडलं.”

“बाय, तुझं वय काय! आणि तिने तिथे काही केलंच नाही तर?”

“तर मी उगाच तहानले. त्यात काय एवढं?”

तेवढ्यात मागून कुणीतरी माणसं सरकवत आमच्या बाकात शिरलं. पार्टीचे चमचमते कपडे, घामाने लाल झालेलं तोंड आणि केस कोरडे. जेनीने पिशवीतून पाण्याची बाटली काढून बायच्या हातात कोंबली. “पी. फाटकापर्यंत गेलेले. आत नाही गेले. सगळे थंड बाटल्या काढायला लागले आणि मला तुझंच तोंड दिसायला लागलं.” बायने तिचे केस चाचपले, तोंडाचा वास घेतला, खात्री करून घेतली आणि मग भर प्रार्थनेत सबंध बाटली घटाघटा संपवली. पुढच्या बाकांवरच्या माना वळल्या. मला रडू आवरेना, आणि त्या दिवशी चर्चमध्ये रडण्याबद्दल कुणी काही विचारत नाही, हे माझं नशीब.

जेनी आता पुण्याला हॉस्टेलवर असते. बायला मशीन झेपत नाही, कोपरची तपासणीही बंद झाली. आता मीच तिच्याकडे जाते. रोज संध्याकाळी ती चहा करते आणि वर बशी झाकून फोनची वाट बघते. जेनीचा फोन येतो, दिवसभरात काही मोडलेलं नसलं तर ती “बाय, चहा घे” म्हणते, की बशी निघते. दुसरं काही बाय विचारत नाही.

गेल्या रविवारी मी तिथेच होते. फोन येईना. चहा दोनदा गरम करून झाला. “पिऊन घे गं, पोरगी कामात असेल,” मी म्हटलं. “असू दे. चहा कुठे पळतोय?” बाय म्हणाली. शेवटी फोन वाजला. पलीकडून जेनी बारीक आवाजात म्हणाली, “बाय, आज चहा नको घेऊस.”

“बरं,” बाय म्हणाली. फोन ठेवून तिने डोळे पुसले आणि पेला माझ्यापुढे सरकवला.

“तू पी,” ती म्हणाली. “तू म्हणालेलीस, खोटं बोलायला शिकेल. नाही गो शिकली.”