मासळीला पुन्हा पोहायचं नसतं

"थंडीत काहीच बिघडत नाही."

आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये रुजू झाले त्या दिवशी मला हा नियम सांगण्यात आला. सोबत एक पोटनियमही होता: "यावर प्रश्न विचारायचा नाही." सांगणारे होते मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये त्यांनी अख्खी नोकरी लाल लोखंडासमोर काढली. रिटायर झाले आणि शहराबाहेर हथखोजमध्ये मासळीचं कोल्ड स्टोरेज टाकलं. आयुष्य आगीसमोर गेलेल्या माणसाची थंडीवर श्रद्धा बसणं मी समजू शकते. पण मी झूलॉजीत एम.एस्सी. केलंय. माझं आणि श्रद्धेचं एका शिफ्टमध्ये जमत नाही.

इथले किस्से मी जमवत नाही. फ्रीझरच्या पाइपावर बर्फ कोणी जमवतं का? दार उघडं राहतं, बाहेरची हवा आत शिरते, थरावर थर चढत जातो. मग एखाद्या दिवशी कोणालातरी तो खरवडून काढावा लागतो. आज माझी पाळी!

*

गेटजवळच्या खिडकीत आम्ही किरकोळ विक्रीही करतो. प्लांटच्या वसाहतीतले, सेक्टर सहामधले एक बंगाली दादू दर रविवारी स्कूटरवरून तिथे येतात. एकदा मोठ्या बाबांनी त्यांच्यासमोर एक रोहू ठेवला. अंगावर पांढरे, कोरडे चट्टे. फार दिवस उघडी पडलेली मासळी थंड हवेत अशीच सुकते. मी तो रोहू बाजूला काढायला सांगितला होता.

"ये सफेद-सफेद क्या है?" दादूंनी विचारलं.

"ठंड का निखार है, दादा. माल एकदम ताज़ा!"

दादूंनी चष्मा कपाळावर चढवला, खाली वाकले आणि रोहूच्या डोळ्यात बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "भाई साहब, लगता है मैं और ये एक ही दिन रिटायर हुए."

ते गेल्यावर मोठे बाबा मला म्हणाले, "गिऱ्हाईक चिकित्सक हाय." रोहू परत आत गेला.

*

मनहरण आमच्या कटरवर असतो. गोठलेल्या मासळीची लादी फिरत्या करवतीसमोर सरकवायची आणि सारखे तुकडे पाडायचे, हे त्याचं काम. एका दुपारी लादी घसरली आणि त्याच्या डाव्या हाताची तर्जनी गेली.

मी तेव्हा बँकेत गेले होते. परत आले तर मनहरण जीपमध्ये, हाताला टॉवेल गुंडाळलेला, तोंड पांढरं. जीप शोधण्यातच पुष्कळ वेळ गेला होता. आणि मोठे बाबा मला अभिमानाने सांगत होते, "बोट सांभाळून ठेवलं हाय. मायनस अठरात! रोहूच्या क्रेटमंदी."

हॉस्पिटलमध्ये सर्जनने बोटाचा डबा उघडला. चिमट्याने बोट उचललं आणि स्टीलच्या ट्रेवर टेकवलं. टक्क असा आवाज आला.

"ये उंगली है या कुल्फी?" सर्जनने विचारलं.

बोट जोडता आलं नाही.

परतीच्या रस्त्यावर मी मोठ्या बाबांना समजावून सांगितलं. मांसात पेशी असतात. पेशीत पाणी असतं. पाणी गोठलं की फुगतं, त्याचे टोकदार स्फटिक होतात आणि ते पेशी आतून फाडतात. बोट गार ठेवायचं असतं, गोठवायचं नसतं. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचं, पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोटाला थेट बर्फसुद्धा लागू द्यायचा नाही.

सगळं शांतपणे ऐकून घेतल्यावर मोठे बाबा म्हणाले, "डॉक्टर नवा वाटला मले."

*

मनहरण पुन्हा कटरवर आला. क्रेट मोजताना नऊपर्यंत जातो, थांबतो आणि स्वतःच हसतो. मला हसू येत नाही. आमच्याकडे कटर आहे आणि माणसांना बोटं आहेत. पुढचं बोट कोणाचं, एवढाच प्रश्न बाकी होता. आणि तो नियम जोवर जागेवर होता, तोवर पुढचं बोटही रोहूच्या क्रेटमध्येच जाणार होतं.

म्हणून मी कटरला पुढून लोखंडी गार्ड बसवून घेतला. शेजारी एक छोटा आइसबॉक्स ठेवला. त्यावर स्वच्छ कापड, सलाइनची बाटली आणि पिशव्या.

"हे कायले?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"पुढच्या बोटासाठी."

"अपशकुन कावून करून राहिली व? डबा ठेवला का बोट तुटते!"

"डबा नव्हता तेव्हाही तुटलं."

"तेच तं म्हणतो मी. तेव्हा एकच तुटलं!"

आठवड्याभरात आमचे कंप्रेसर ऑपरेटर साहू काका त्या आइसबॉक्समध्ये आपल्या मठ्ठ्याची बाटली ठेवायला लागले. मी ती काढली की ते मला 'नोनी', म्हणजे 'पोरी', म्हणत समजुतीच्या सुरात सांगायचे, "नोनी, उंगली तो रोज नहीं कटती. मठा तो रोज लगता है."

*

उन्हाळ्यात वादळ आलं, लाइन पडली आणि जनरेटरही रुसला. आतली मासळी पार मऊ झाली. लाइट आल्यावर मोठ्या बाबांनी ती तशीच पुन्हा गोठवायला घेतली.

"मोठे बाबा, ही फेकावी लागेल."

"कावून? बर्फाचं पाणी झालं, पाण्याचा परत बर्फ झाला. वांधा काय?"

मी म्हटलं, दुसऱ्यांदा हळूहळू गोठताना आणखी मोठे स्फटिक होतात, मांसाचा पार चुरा होतो. शिवाय मऊ पडलेल्या काळात जे जंतू वाढले, ते थंडीने मरत नाहीत, नुसते झोपतात. मोठे बाबा म्हणाले, "झोपले तं झोपू दे नं." तो लॉट मी विकू दिला नाही, बाहेरून कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली. तरी मोठ्या बाबांनी त्याआधीच एक कतला घरी पाठवून दिला होता, मला खोटं पाडायला.

संध्याकाळी मोठ्या आईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, रस्सा केला आणि वाढायला पळी घातली. पळी तळापर्यंत गेली, वर आली. पुन्हा गेली.

"मासा कुठं गेला हो?"

"रश्शात हाय," मोठे बाबा म्हणाले.

मोठ्या आईने काटे निवडून ताटाच्या कडेला लावले. चांगला अख्खा सांगाडा होता. "लग्न झाल्यापासून मासे करते मी," ती म्हणाली, "मासा असा कढीवानी कधीच नाई झाला."

मोठे बाबा भुरका मारत म्हणाले, "मसाला जास्त पडला तुझा." ते सोडून कोणीच जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी तेही कामावर आले नाहीत. कारण विचारलं तर मोठ्या आईने फोनवर सांगितलं, "ऊन लागलं म्हणतात."

*

जवळच्या गावात म्हशींना कृत्रिम रेतन करणारा एक जण आहे. त्याची नायट्रोजनची टाकी फुटली. तो गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या घेऊन धावत आमच्याकडे आला.

मी सांगितलं, या कांड्या नायट्रोजनमध्ये उणे एकशे शहाण्णवला ठेवतात, आत खास द्रव मिसळलेला असतो म्हणून त्या जगतात. आमच्या उणे अठरात त्या मरतील.

"मायनस हाय नं?" मोठे बाबा म्हणाले. "मायनस ते मायनस!"

कांड्या ठेवल्या गेल्या, नंतर वापरल्याही गेल्या. मग गावातली एकही म्हैस गाभण राहीना. शेतकरी आमच्या गेटवर आले. मोठ्या बाबांनी खुर्च्या मागवल्या, चहा मागवला, सगळ्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, विचार केला आणि निर्णय दिला:

"भैंसों का मन नहीं होगा."

साहू काकांनी गंभीरपणे मान हलवली. "भैंसी मन बहुत मूडी होथें, नोनी."

थंडी निर्दोष सुटली.

*

टीव्हीवर बातमी होती. एका माणसाचे अवयव दान झाले होते आणि किडनीसाठी रस्ता मोकळा करून गाडी भरधाव नेली होती. मोठ्या बाबांना ती धावपळ बघवली नाही. त्यांनी कुठूनतरी एका हॉस्पिटलचा नंबर मिळवला आणि स्पीकरवर फोन लावला. हेतू खरोखर चांगला होता, हे मी मुद्दाम सांगते.

"मैडम, इतना दौड़ने का क्या काम? हमारे पास माइनस अठारह का कमरा है. किडनी, लिवर, जो भी हो भेज दीजिए. साल भर कुछ नहीं होगा. आराम से ले जाइए!"

पलीकडून एक अत्यंत सभ्य आवाज आला:

"सर, हमें लगानी है. परोसनी नहीं."

फोन बंद झाला. मोठे बाबा माझ्याकडे वळले. "अशी कशी बोलली वं ते?"

"बरोबर बोलली. किडनी चार-एक डिग्रीला, खास पाण्यात, बर्फावर नेतात. गोठवत नाहीत. तेवढ्यानेही फार तर एखादा दिवस निभतो. हृदय तर काही तासच. थंडी बिघाड थांबवत नाही, मोठे बाबा. हळू करते. आणि गोठवलं तर नवा बिघाड करते."

"मंग आपली मासळी कशी टिकते?"

"मासळीला पुन्हा पोहायचं नसतं."

मोठ्या बाबांनी मान डोलावली. मला वाटलं, पोचलं. मग ते साहू काकांना म्हणाले, "शिकलेल्या पोरी उलट लय बोलतात, नाई?"

*

आता शेवटचा.

दुपारची वेळ. मोठी ऑर्डर निघायची होती. बाबा, म्हणजे माझे वडील, ड्यूटीवरून घरी जाताना रुआबांध्याचा रस्ता सोडून सहज इकडे डोकावले होते. मनहरण कटरवर होता आणि मोठ्या बाबांच्या मते फार हळू होता.

"गार्डनं हात अडकते तुहा. काढ तो! सरक, मी दाखवतो."

मी ऑफिसमधून ओरडले, "मोठे बाबा, गार्ड नका काढू!"

"रोलिंग मिलमंदी लाल लोखंड पायलं मी," ते म्हणाले. "हे तं मासे होत!"

मग करवतीचा आवाज एका क्षणापुरता बदलला.

मी पोचले तेव्हा मनहरणने त्यांना खाली बसवलं होतं. त्यांचा हात उंच धरून टॉवेल घट्ट दाबला होता. तर्जनीचं अर्धं बोट लादीवर पडलं होतं, पंगास मासळीच्या तुकड्यांच्या रांगेत. मी ते उचललं, सलाइनने ओल्या केलेल्या कापडात गुंडाळलं, पिशवीत घालून तोंड बंद केलं. आइसबॉक्स उघडला. मठ्ठ्याची बाटली काढून फेकली. बर्फ घातला, पाणी ओतलं.

"दिपू, हे काय करून राहिली तू?" बाबा ओरडले. "पाण्यात कायले टाकते? मायनस अठरात ठेव ते! भाऊचं बोट हाय!"

"नोनी, जल्दी!" साहू काका फ्रीझरच्या दाराकडे धावले आणि त्यांनी हँडल धरलं. "मैं खोलता हूँ! बाहर गरमी में सड़ जाएगा!"

मी पिशवी पाण्यात सोडली, झाकण लावलं आणि डबा छातीशी धरला.

"नाही."

"दिपू!" बाबांचा आवाज चढला. "मोठ्या माणसाइचं ऐकत जाय! वाद घालायची वेळ नोय हे. आन तो डबा इकडं!"

"नाही देणार. हे बोट त्या दाराच्या आत जाणार नाही. तुम्ही सांगितलं तरी नाही, मोठ्या बाबांनी सांगितलं तरी नाही. गाडी काढा."

"अवं, थंडीत काहीच बिघडत नाही! भाऊच सांगत आले नं आजवर! इचार त्याईले! सांगा हो भाऊ!"

सगळे मोठ्या बाबांकडे बघायला लागले.

मोठे बाबा आधी फ्रीझरच्या दाराकडे बघत होते. मग माझ्या हातातल्या डब्याकडे. मग त्यांची नजर खाली आली आणि त्यांचं मनगट दाबून धरलेल्या मनहरणच्या डाव्या हातावर थांबली. त्या हाताला अंगठा आणि तीन बोटं आहेत.

साहू काकांनी हँडल सोडलं. बाबा गाडी काढायला धावले. मोठे बाबा उठून डब्याच्या मागे निघाले.