डोंगराकडचा चर

आमचं घर कार्ल्याजवळ, डोंगराच्या पायथ्याशी. घरामागून एक चर जायचा. डोंगरावरून येणारं पाणी तो ओढ्यात नेऊन सोडायचा. पावसाळ्याआधी प्रत्येकानं आपापल्या हद्दीतला गाळ काढायचा, ही जुनी रीत. मी शाळेत भूगोल शिकवते, तरी मला तो नुसता खड्डाच वाटला. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना दोन खोल्या द्यायला लागलो, तेव्हा त्यांच्या गाड्या लावायला मी मुरूम टाकून आमच्या हद्दीतला चर बुजवला. खालच्या घरातल्या आबांनी हटकलं, तर त्यांनाच चार शब्द सुनावले. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

हल्ली महिन्याभराचा पाऊस एका दुपारी पडतो. गेल्या श्रावणात तसाच कोसळला. पाणी त्या मुरमावरून वळलं आणि थेट आबांच्या घरात शिरलं. मागची भिंत बसली. आबा वाचले, पण नंतर आभाळ भरून आलं की ते दारात बसून डोंगराकडे बघत राहायचे. पाऊस असेतो डोळ्याला डोळा लागत नसे. भिंत आम्ही बांधून दिली, झोप कुठून आणून देणार? मला त्यांच्यासमोरून जायची लाज वाटायची.

उन्हाळ्यात मी इर्जिक घालायचं ठरवलं. म्हणजे मजुरी नाही. गावानं येऊन काम करायचं, बोलावणाऱ्यानं पोटभर जेवू घालायचं. पहिलं बोलावणं आबांना.

"आबा, चर पुन्हा उकरायचाय. चुकलं माझं."

"व्हय, चुकलंच. मटान हाय का?"

"आहे."

"मंग येतो. पर चर कुटनं न्यायचा ते मी सांगनार. तितं तुमचा भूगोल नको."

निम्मं गाव आलं. आबा काठीनं वाट दाखवत होते आणि मी निमूटपणे भाकऱ्या वाढत होते. संध्याकाळपर्यंत चर मोकळा झाला. पाहुणे आता गाड्या रस्त्याकडेला लावतात आणि कुरकुरतात. कुरकुरू देत.

यंदा आषाढात, भर दुपारी, पुन्हा तसाच पाऊस आला. मी छत्री सावरत आबांकडे धावले. चर काठोकाठ भरून ओढ्याकडे पळत होता. दारात आबा नव्हते. आत डोकावले, तर आबा नव्या भिंतीला पाठ लावून चक्क घोरत होते. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. त्यांना उठवायचं पाप मी केलं नाही.